कृष्णाकाठाहून मांडवीच्या मुखाशी

ऑक्टोबरच्या एका पहाटे सांगलीहून निघालेल्या मोटारीच्या टपावर सायकल बांधलेली होती आणि आत शाळेपासूनचे चार सोबती बसले होते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होणाऱ्या ट्रायथलॉनला ते निघाले होते. एकजण पोहणार होता, दुसरा सायकल चालविणार होता, तिसरा धावणार होता. मोटार चौथ्याची होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे धावणे सुटले होते. तरी वर्षभर मित्रांच्या सरावाला घड्याळ घेऊन तो नित्य हजर असे.

कोल्हापूर मागे पडले, निपाणीनंतर स्तवनिधीचा घाट ओलांडला आणि संकेश्वरहून वाट गडहिंग्लज, आजऱ्याकडे वळली. या वाटेवर हिरण्यकेशी सोबत करते. आंबोलीजवळ उगम पावलेली ही नदी जवळचा अरबी समुद्र सोडून पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेत विलीन होते. आजऱ्याच्या परिसरात घनसाळ भाताची शेते वाऱ्यावर डुलत होती. आंबोलीच्या माथ्यावर मोटार थांबली. पोहणारा मित्र बराच वेळ पश्चिमेकडील दरीत पाहत उभा राहिला. पाठीला सुका भोपळा बांधून तो कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकला होता. परंतु समुद्रात कधी उतरला नव्हता.

“नदी काय आणि समुद्र काय, पाणी एकच की रे!” चौथा म्हणाला. त्यावर कोणी बोलले नाही.

या शर्यतीचे मूळ हवाई बेटांत आहे. १९७८ साली तेथे पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत झाली. पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली. गोव्यात २०१९ पासून होणारी शर्यत तिच्या निम्म्या अंतराची आहे: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. तिघे मिळून संघ म्हणूनही तीत भाग घेता येतो. मात्र पोहण्याला एक तास दहा मिनिटांची मर्यादा असते. ती हुकली, तर उरलेल्या दोघांचा वर्षभराचा सरावही वाया जातो.

शर्यतीच्या पहाटे मांडवीच्या मुखापाशी समुद्र वरवर शांत दिसत होता. खारे पाणी शरीराला अधिक उचलून धरते, हे खरे. पण नदीला जसा काठ असतो, तसा येथे दिशा दाखविणारा काठ नव्हता. लाटांनी तो दोनदा वाटेवरून ढळला. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा पाहण्यासाठी मान वर काढावी, तर तोंडात खारट पाणी जाई. किनाऱ्यावर चौथ्याचे डोळे एकदा घड्याळावर, एकदा पाण्यावर खिळत होते. चौसष्टाव्या मिनिटाला तो वाळूवर आला, धडपडला आणि तसाच धावत सुटला. त्याच्या घोट्यावरची वेळ मोजणारी चिप सायकलस्वाराने आपल्या घोट्याला बांधली. काही तासांनी तीच चिप धावणाऱ्याकडे गेली. दमट उन्हात अखेरचे पाच किलोमीटर त्याला पुरते थकवून गेले. सात तास भरायला काही मिनिटे उरली असताना त्याने अंतिम रेषा ओलांडली.

दुसऱ्या दिवशी आंबोलीच्या माथ्यावर मोटार पुन्हा थांबली. पोहणारा मित्र चहा घेताना हसत म्हणाला, “पाणी एकच नसतं रे. पण काठावर आपलं माणूस उभं असलं की हात थांबत नाहीत.”

चौथा काही बोलला नाही. त्याने मोटार सुरू केली. तिन्ही पदके त्याच्या समोरच्या आरशाला टांगलेली होती. ती तेथे कोणी आणि केव्हा अडकविली, हे त्याने विचारले नाही.