खडकीचा अर्थ मी चुकीचा सांगितला

आमच्या शहराच्या सर्वांत जुन्या नावांपैकी एकाचा अर्थ मी कित्येक वर्षं लोकांना चुकीचा सांगितला. छत्रपती संभाजीनगरात हौसेने वारसा फेऱ्या घेताना भडकल दरवाजापाशी मंडळी थांबली, की मी सांगायचो, ‘मलिक अंबरने १६१० मध्ये इथे शहर वसवलं. त्याचं नाव खिडकी, कारण हे शहर म्हणजे दख्खनची खिडकी.’ ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची. या सांगण्याला आधार मात्र काहीच नव्हता.

मी वाचलं नव्हतं अशातला भाग नाही. उलट वाचण्यातूनच ही चूक झाली. शहराचा इतिहास मी आधी इंग्रजी पुस्तकांतून वाचला, आणि तिथे हे नाव ‘खिरकी’ असं छापलेलं. दिल्लीतली तुघलक काळातली खिडकी मशीद मी पाहिली होती. तिचं नाव तिच्या जाळीदार खिडक्यांवरूनच पडलं आहे. गुजरातीत ‘खडकी’ म्हणजे घराच्या आवाराचा देवडीसारखा दरवाजा, हेही पुढे कळलं. संस्कृत कोशांत बाजूच्या दारासाठी ‘खडक्किका’ हा शब्द मिळाला. एवढे पुरावे हाताशी आल्यावर मी शंका घेणंच सोडून दिलं. ‘दख्खनची’ हा शब्द तर मी पदरचा घातला होता.

उर्दू-फारसी शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी मला जागं केलं. त्यांनी कागदावर उजवीकडून ते नाव लिहिलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘यात इकार कुठे आहे ते दाखवा.’ इकार नव्हताच. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ते मनाने भरायचे असतात. त्यामुळे खडकी आणि खिडकी कागदावर सारखेच दिसतात. इंग्रजांच्या कानांवर आणि स्पेलिंगवर तर आणखीच विसंबता येत नाही. पुण्याजवळच्या खडकीचंही त्यांनी ‘किर्की’ केलं. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई त्यांच्या पुस्तकांत त्याच नावाने येते. पण म्हणून पुण्याच्या खडकीला कुणी खिडकी समजत नाही.

मग मी मराठीकडे वळलो. सुरुवात तिथूनच करायला हवी होती. मराठीत खडकी म्हणजे खडकाळ जागा. या नावाची गावं महाराष्ट्रात जागोजागी आहेत. आमच्या शहरातच खडकेश्वर महादेवाचं मंदिर आहे आणि त्या रस्त्याने माझं नेहमीचं जाणं-येणं. तरीही दोन नावांचा मेळ मी कधी घातला नाही. अंबर येण्याआधी इथे खडकी नावाचं खेडं होतं. गावाला नाव पडलं ते इथली जमीन कसणाऱ्यांच्या तोंडून, आणि त्यांच्या नांगराला रोज लागत होता तो खडक.

हा अर्थ धरला की शहर नीट उलगडतं. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली लेणी त्यातच कोरली आहेत, देवगिरीचा कडा त्याचाच तासलेला. अशा जमिनीवर मोठं शहर वसवायचं तर पहिला प्रश्न पाण्याचा. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. ‘खिडकी’च्या गोष्टीत या खटाटोपाला जागाच नव्हती. मी नाव चुकीचं सांगत होतो, तेव्हा अंबरचं सर्वांत मोठं कामही झाकून टाकत होतो.

याहून मोठी चूक पुढची आहे. शंका आल्यानंतरही मी काही फेऱ्यांत जुनंच सांगत राहिलो. गोष्ट रंगायची, आणि एवढ्या लोकांपुढे शब्द मागे घेण्याचा धीर होत नव्हता. एका विद्यार्थिनीने निबंधात ‘दख्खनची खिडकी’ लिहिलं आणि मोठ्या विश्वासाने मला वाचायला दिलं. मी ‘छान’ म्हणून वही परत केली. ते ‘छान’ मला अजून टोचतं. पुढे तिला गाठून खरं सांगितलं, पण तोवर निबंध स्पर्धेत जाऊन आला होता.

अंबरच्या मुलाने, फतेहखानाने, शहराचं फतेहनगर केलं. औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद नाव आलं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. ही सगळी नावं माणसांची किंवा विजयाची आहेत. खडकी हे एकटं नाव इथल्या जमिनीने दिलेलं आहे, म्हणून ते तरी बिनचूक सांगितलं पाहिजे. माझ्या फेरीत ज्यांनी ‘खिडकी’ लिहून घेतलं, त्यांनी ते खोडावं आणि ज्यांना सांगितलं असेल त्यांनाही कळवावं, ही विनंती.