लोगोस

गेल्या डिसेंबरात आत्याला भेटायला बडोद्याला गेलो होतो. लग्न होऊन ती पेडण्याहून दांडिया बाजारात आली, त्याला आता साठ वर्षं होतील. संध्याकाळी तिच्याकडे फतेगंजातले एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक येऊन बसतात. तिच्या यजमानांचे जुने स्नेही.

बोलणं निघालं योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीवरून. तिथल्या 'लोगोस' या ग्रीक शब्दासाठी मराठी आणि गुजराती, दोन्ही बायबलांत 'शब्द' आहे. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेलं, त्यामुळे मला राहवेना. भर्तृहरीचं शब्दब्रह्म, 'वाक्यपदीय', सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नोकरी कुठल्या खात्यात?"

"लेखा खात्यात. कारकून."

"मग हा शब्द तुमचाच की!"

लोगोस ज्या धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ वेचणं, गोळा करणं, मोजणं. बोलणं नंतरचं. इफिससच्या हेराक्लिटसने इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास विश्वाच्या नियमाला लोगोस म्हटलं, आणि योहानाचं शुभवर्तमानही परंपरेनुसार त्याच गावी लिहिलं गेलं. पण बाजारात लोगोस म्हणजे साधा हिशेब. लूकच्या सोळाव्या अध्यायात धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो, तिथे हाच शब्द. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तर गंमतच आहे. बाराव्या ओवीत लोगोस म्हणजे देवाचं वचन आणि लगेच तेराव्या ओवीच्या शेवटी लोगोस म्हणजे त्याला आपण द्यायचा जाब. (ओवी ही आपली माझी सवय, ते 'वचन' म्हणतात.) भाषांतरात दोन वेगळे शब्द करावेच लागतात. लॅटिनमध्येही योहानाकडे 'वेर्बुम' आणि लूककडे 'रातिओ' झालंच. पण मग वचन आणि जाब हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

रात्री झोप लागली नाही. १९९८ साली पेडण्याची बागायत विकली. गोव्याच्या कायद्याने आत्याची सही लागली, ती तिने बडोद्याहून येऊन केली. बाबांनी तिला शब्द दिला, तुझा वाटा मागाहून पाठवतो. पैसे घराच्या छपरात गेले. बाबा गेले, मला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं एक व्हाउचर कमी असलं तरी मी लोकांची बिलं परत पाठवत आलोय.

सकाळी चहा घेताना म्हटलं, "आत्ये, तुझं बँकेचं पासबुक कुठाय?"

"कशाला रे?"

सांगायला लागलो. मध्येच उठून ती गॅसवरचं दूध उतरवून आली. बसली.

"एक लाख दहा हजार," म्हणाली. "मी काही विसरले नव्हते."