याद्रोचं पाणी

कॉलेजात भूगोलाच्या पेपरात 'डाल्मेशियन किनारा' हा चार गुणांचा हमखास प्रश्न असे. डोंगररांगा किनाऱ्याला समांतर, हिमयुगानंतर समुद्र वर चढला, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरांचे माथे लांबुळकी बेटं होऊन राहिले. एवढं लिहून शेजारी चार आडव्या रेघा काढल्या की गुण पदरात. त्या रेघा प्रत्यक्ष पाहायला मला पंचवीस वर्षं लागली. इटलीतल्या अँकोनाहून स्प्लिटला जाणारी रात्रीची बोट पकडली होती. पहाटे ताईनं मला हलवून डेकवर नेलं. समोर करड्या उजेडात एकामागे एक रांगा उभ्या होत्या, शोल्टा, ब्राच ही बेटं आणि त्यांच्या मागे मोसोर डोंगराचा उघडाबोडका पांढरा कडा. पाण्यातल्या रांगा कुठं संपतात आणि जमिनीवरच्या कुठं सुरू होतात, ते काही केल्या कळेना.

रोमन लोकांनी या किनाऱ्यामागचा मुलूखही डाल्मेशियातच घातला होता. आजचा बोस्निया, हर्जेगोविना, माँटेनिग्रो आणि सर्बियाचा काही भाग, असा तो अवाढव्य प्रांत. डोंगरापलीकडं चांदी-सोन्याच्या खाणी होत्या आणि कर भरायला नाखूश टोळ्या. इ.स. 6 मध्ये त्या उठल्या. पुढं सम्राट झालेल्या टायबेरियसला त्यांना नमवायला तीन वर्षं लागली. टोळ्यांचा म्होरक्या बाटो शरण आल्यावर टायबेरियसनं विचारलं, तुम्ही बंड का केलंत? तर तो म्हणाला म्हणे, कळप राखायला तुम्ही कुत्रे नाही, लांडगे धाडता. इतिहासकार डिओनं ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मला ती खरी वाटते. वसुली अधिकाऱ्यांबद्दलची तक्रार सगळीकडं सारखीच असते.

या प्रांताची राजधानी सलोना म्हणजे आजचं सोलिन, स्प्लिटपासून अर्ध्या तासावर. आम्ही शहर बसनं निघालो आणि नको त्या थांब्यावर उतरलो. फलकावर लिहिलेलं एक, चालक बोलला दुसरंच. पण त्या चुकीपायी दोन किलोमीटरची पायपीट घडली आणि वाटेत दिसल्या उंचच उंच दगडी कमानी. डायोक्लेशियन बादशहाचा जलसेतू! याद्रो नदीच्या उगमापासून त्याच्या राजवाड्यापर्यंत 9 किलोमीटर पाणी नेणारा.

याद्रोला नदी म्हणताना आपली जीभ जरा अडखळते. लांबी जेमतेम 4 किलोमीटर. डोंगराच्या पोटातून एकदम फुटते आणि लगेच समुद्राला मिळते. पण या प्रदेशात तिची किंमत समजायची तर वर बघावं लागतं. सगळा चुनखडीचा डोंगर. पाऊस पडला की खडक तो गाळणीसारखा खाली सोडतो. वर ओढा नाही, तळं नाही, नुसती काटेरी झुडपं. आपल्याकडं सह्याद्रीत पावसाळ्यात जिकडं बघावं तिकडं पाणी कोसळत असतं. इथं ते दिसतच नाही. जिथं बाहेर येतं तिथं गाव वसतं, आणि याद्रोपाशी राजधानी वसली.

सलोनात आज द्राक्षांचे मळे, अंजिराची झाडं आणि त्यांच्या मधून वर आलेले दगड. रोमन रस्त्याच्या फरशीवर चाकांनी कोरलेल्या चाकोऱ्या आहेत. ताईनं एकीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. "किती गाड्या गेल्या असतील गं," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. डोंगराच्या खिंडीत क्लिसचा किल्ला दिसत होता. गावाच्या पश्चिम टोकाला अँफिथिएटर आहे. इ.स. 304 मध्ये बिशप डोम्नियसला याच ठिकाणी मारलं, ख्रिश्चनांचा छळ मांडलेल्या त्याच डायोक्लेशियनच्या राज्यात.

डायोक्लेशियन याच परिसरातला, साध्या घरातला मुलगा. शिपाई झाला, 284 मध्ये सम्राट झाला आणि 305 मध्ये त्यानं कुणी न करावी अशी गोष्ट केली: आपण होऊन गादी सोडली. गावाशेजारी समुद्रकाठी ब्राच बेटाच्या पांढऱ्या दगडाचा, इजिप्तहून आणलेल्या खांबांचा आणि स्फिंक्सचा राजवाडा बांधून राहिला. पुन्हा राज्यावर या, अशी गळ घालणाऱ्यांना त्यानं सांगितलं, म्हणे, मी लावलेला कोबी बघाल तर असं बोलणार नाही.

सातव्या शतकात आवार आणि स्लाव टोळ्यांनी सलोना उद्ध्वस्त केलं. जिवानिशी वाचलेल्यांपैकी पुष्कळजण तटबंदी शाबूत असलेल्या त्या रिकाम्या राजवाड्यात शिरले आणि परत गेलेच नाहीत. स्प्लिट शहर ते हेच. सम्राटाची कबर असलेली अष्टकोनी वास्तू त्यांनी चर्च केली. आज तिथं डोम्नियसची वेदी आहे, गावाचा रक्षक संत तोच. डायोक्लेशियनची शवपेटी कुठं गेली कुणास ठाऊक. आत उभं राहिलं की वर कोरीव पट्टी दिसते. तिच्यात सम्राटाचा आणि त्याच्या बायकोचा म्हणून दाखवतात ते दोन चेहरे आहेत. ज्याला मारलं त्याच्याच घरी पाहुणा होऊन राहिलाय बिचारा.

राजवाड्याची तळघरं मला वरच्या मजल्यापेक्षाही आवडली. वर राहायला आलेल्यांनी जमिनीला भोकं पाडून शतकानुशतकं कचरा आणि सांडपाणी खाली सोडलं. तळघरं गच्च भरली आणि त्यामुळेच टिकली. विसाव्या शतकात उपसून काढली तेव्हा वरच्या नाहीशा झालेल्या दालनांचा नकाशा खालच्या भिंतींवरून कळला. घाण करण्यातूनही कधी इतिहास राखला जातो, हे पुरातत्त्ववाल्यांना विचारावं.

राजवाड्याच्या पूर्व दाराबाहेर भाजीबाजार भरतो, त्याला म्हणतात 'पझार'. फारसीतून तुर्कीमार्गे तिथं पोहोचलेला आपल्या बाजाराचाच चुलतभाऊ. तिथल्या एका आजीबाईंकडं कोबी दिसला. मी बोट दाखवून "डायोक्लेशियन?" म्हटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कोबीकडं पाहिलं, आणि मोठ्यानं हसून एक सुकं अंजीर माझ्या हातावर ठेवलं. आतापर्यंत शंभर पर्यटकांनी हाच विनोद केला असणार.

ऑक्टोबर असूनही ऊन कडक होतं. चौकातल्या नळावर ताईनं बाटली भरली, दोन घोट घेतले आणि मला दिली. पाणी थंड होतं, किंचित खडकाची चव असलेलं. डायोक्लेशियनचा जलसेतू 1880च्या सुमारास दुरुस्त होऊन पुन्हा काही काळ वापरात होता. आता नवे नळ आहेत. मात्र स्प्लिटला आजही याद्रोचंच पाणी येतं.