चुन्याची निवळी

बर्लिनच्या आमच्या घरात साठ लिटरची एक काचेची टाकी आहे. तिच्यात समुद्रासारखं खारं पाणी, सूक्ष्म जीवांची वस्ती असलेले थोडे 'जिवंत' दगड आणि त्या दगडांवर वाढणारे दगडी प्रवाळ आहेत. मला आज नोकरीत जे थोडंफार कळतं, त्यातलं बरंचसं या टाकीपाशी कळलं. ते शिकवणारे गृहस्थ आता हयात नाहीत. आपलं नाव कुठे छापून यावं हे त्यांना आवडलं नसतं, म्हणून इथे त्यांना मी आजोबा म्हणते. प्रत्यक्षात मी त्यांना 'हेर' लावून आडनावानेच हाक मारायचे, आणि तेही शेवटपर्यंत मला 'फ्राउ' लावूनच बोलवत राहिले.

मी रत्नागिरीची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले. भाषा येत नव्हती, माझ्या पदवीला कोणी विचारत नव्हतं, आणि समुद्र खूप लांब राहिला होता. टाकी घेतली ती त्या ओढीने. समुद्राकाठी वाढूनही त्या पाण्यात नेमकं काय असतं याची मला काहीच कल्पना नव्हती. नळाचं पाणी घेतलं, त्यात मत्स्यालयाचं मीठ कालवलं आणि दुकानात सुचवलेल्या पुड्या एकामागून एक घातल्या. हौसेने आणलेला यूफिलिया नावाचा प्रवाळ दिवसेंदिवस आकसत गेला. त्याचं मांस कडेने सुटलं आणि आतला पांढरा सांगाडा उघडा पडला.

आजोबा खालच्या मजल्यावर राहायचे. आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेले. जिन्यात माझ्या हातातली बादली आणि बादलीला लागलेलं मीठ पाहून त्यांनी विचारलं, "प्रवाळ?" मी हो म्हटलं तशी ते वर आले. मेलेल्या प्रवाळाकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. "केएच किती आहे?" एवढंच विचारलं. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, पण तेव्हा मला काहीच सांगता येईना. ते खाली जाऊन एक छोटी कुपी आणि काचेची नळी घेऊन आले. नळीत पाच मिलिलिटर पाणी घेतलं आणि माझ्या हातात कुपी दिली. एक थेंब म्हणजे एक अंश. पहिल्याच थेंबाला पाणी निळं होतं, आणि ज्या थेंबाला ते पिवळं होईल तिथे थांबायचं. चौदा थेंब पडले तरी पाणी निळंच होतं.

समुद्रात हा आकडा सातच्या आसपास असतो. बर्लिनचं नळाचं पाणी मुळात जड, त्यात मिठातल्या कार्बोनेटची भर, आणि वर माझ्या पुड्या. कॉलेजात अनुमापनाचे किती प्रयोग केले होते! ब्युरेट धुणं, शेवटच्या थेंबाला रंग बदलताना श्वास रोखून धरणं, वहीत वाचनं मांडणं, सगळं मार्कांसाठी. त्या रंगाशी कुणाचं जगणं-मरणं जोडलेलं असू शकतं हे मला त्या संध्याकाळी, रसायनशास्त्राचं कुठलंही प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने दाखवलं.

मग त्यांनी हिशेब समजावला. दगडी प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो बांधताना प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलतो. लिटरमागे वीस मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की केएच जवळजवळ तीन अंशांनी उतरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे चारशेवर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यातले वीस गेले तर पत्ताही लागत नाही. सातातले तीन गेले तर मात्र प्रवाळाच्या जिवावर बेततं. म्हणून मोजायचा तो केएच. टाकी जितकी लहान तितका हा आकडा लवकर हलतो, आणि प्रवाळाला सर्वांत जास्त बाधतं ते हे हलणं. आकडा साडेसात असला तरी चालेल, साडेआठ असला तरी चालेल. आज साडेसात आणि परवा दहा हे चालत नाही.

आजोबांकडे मोंटिपोरा या प्रवाळाचं एक सुरेख झाड होतं, बोटांसारख्या नारिंगी फांद्यांचं. मी एक तुकडा मागितला. ते म्हणाले, "वही घाला. रोज संध्याकाळी एकाच वेळेला केएच मोजा आणि लिहा. हिवाळाभर आकडा जागचा हलला नाही तर वही घेऊन या." मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. आपल्याकडे शेजारणीने जास्वंदीची फांदी मागितली तर कोणी तिची परीक्षा घेत नाही. पण वही घातली. नळाचं पाणी बंद केलं आणि आरओचा फिल्टर बसवला, कारण नळाच्या पाण्यासोबत फॉस्फेट आणि सिलिकेट येतं, जुन्या नळांतून तांबं उतरतं, आणि तांबं हे प्रवाळाला विषच. मीठ मोजून पाण्याची क्षारता हजारी पस्तीसवर आणली, तापमान पंचवीस अंशांवर ठेवलं, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलू लागले. टाकीत नवीन काही म्हणजे काही घातलं नाही. दगडांवर हळूहळू जांभळट थर धरला, गोगलगायी काचेवर फिरू लागल्या. बाहेर दुपारी चारला अंधार पडायचा, आणि दिवसातलं माझं ठरलेलं काम म्हणजे ते थेंब मोजणं. त्या हिवाळ्यात मला सावरलं ते या कामाने. तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वसंतात आजोबांनी वही पानापानाने वाचली, मग मोंटिपोराची करंगळीएवढी फांदी पक्कडीने कापली, कापलेलं टोक टिपून कोरडं केलं आणि घट्टसर सुपरग्लूने एका छोट्या दगडावर बसवली. पाण्यात सोडल्यावर ती चिकट स्राव सोडून गप्प झाली. मी भिंग घेऊन बसायचे. काही दिवसांनी पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, बाहेर आले, केसांच्या टोकांएवढे. मग बुडाशी काहीतरी घडू लागलं. जिवंत त्वचेची एक पातळ कड फांदीवरून खाली उतरली, ग्लूवर पसरली आणि तिथून दगडावर गेली. या काळात फांदी उंचीने जराही वाढली नाही. बूड पक्कं झाल्यावर मग टोक पांढुरकं होऊन वर सरकू लागलं.

ती फांदी आजोबांनाही कुणीतरी दिलेली होती. या शहरात ही रीत जुनी, आणि टाकीत प्रवाळ वाढवायची पद्धतही अशीच एकाकडून दुसऱ्याकडे आलेली. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 साली लिहून सांगितलं होतं की समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवले तर पाणी राखायचं काम तेच करतात. स्वित्झर्लंडच्या पेटर विल्केन्स यांनी 1970च्या दशकात चुन्याची निवळी घालून प्रवाळ वाढवायची वाट दाखवली. बर्लिनच्या हौशी लोकांनी या दोन्हींना फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली, आणि जगभर या पद्धतीला 'बर्लिन पद्धत' हेच नाव पडलं. इथल्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या ॲक्रोपोरा या प्रवाळाचे तुकडे हातोहात किती घरांत गेले! आजोबा या माणसांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. आपण यांचं देणं लागतो, असं ते म्हणायचे. माझं देणं त्यांच्यापासून सुरू होतं, एवढाच फरक.

मोंटिपोरा जोमाने वाढू लागला तसा वहीतला आकडा उतरायला लागला. तेव्हा आजोबा चुन्याची पूड घेऊन आले, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आरओच्या पाण्यात ती ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची नितळ निवळी तेवढी घ्यायची. टाकीतलं जेवढं पाणी वाफ होऊन गेलं असेल तेवढीच भर घालायची, तीही रात्री, थेंबाथेंबाने. रात्री उजेड नसल्यामुळे शैवालाचं अन्न बनवण्याचं काम थांबतं, सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात आणि पाण्याचा पीएच उतरतो. निवळीने तो सावरतो. मात्र तिचा स्वतःचा पीएच बाराच्या वर असतो, एकदम ओतली तर ती जीव घेते. मी त्यांना सांगितलं की शाळेत आम्ही निवळीत नळीने फुंकायचो आणि ती दुधाळ व्हायची. त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. लगेच पेला मागितला, डोळ्यांना चष्मा लावला आणि फुंकलं. पेला पांढरा होताना पाहून सत्तरीतला तो माणूस इतका हरखला की पुन्हा निवळी घेऊन त्याने परत फुंकलं. निवळीच्या भांड्याचं झाकण घट्ट का ठेवायचं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत का जाऊ द्यायचा नाही, हेही त्यातून दोघांना नीट उमगलं. मी त्यांना दिलेली गोष्ट आठवते ती ही एकच.

पुढे पाणी स्वच्छ ठेवण्याचा मला ध्यासच लागला. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. प्रवाळ फिकटले. टाकीत तोवर मासेही आले होते. आजोबा म्हणाले, "माशांना पोटभर घाला." प्रवाळाच्या त्वचेत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न बनवून त्याला पोसतं, पण त्या शैवालालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. फॉस्फेट तुटलं की हा संसार मोडकळीला येतो, हे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं आहे. मासे पोटभर खाऊ लागले आणि रंग परतला.

एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं ते त्या वह्यांमुळे. मुलाखतीत माझं जर्मन अडखळत होतं, म्हणून त्या पुढे ठेवल्या. आकडे ओळीने होते, चुकलेले दिवसही तसेच नोंदवलेले होते. आजोबांनी शिकवलं होतं की चुकलेला दिवस अंदाजाने भरायचा नाही.

आजोबा आजारी पडल्यावर इस्पितळातून फोनवर टाकीचीच चौकशी करायचे. त्यांच्या मागे मुलाने मोठी टाकी रिकामी करायचं ठरवलं, आणि वाटप माझ्याकडे आलं. मी फांद्या कापल्या, दगडांवर बसवल्या आणि ज्यांच्याकडे वह्या होत्या त्यांना दिल्या. अशाच घरगुती टाक्यांतून साठत आलेली जाण आज मोठ्या कामाला येते आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ऋतू, तापमान आणि चंद्राचा उजेड हुबेहूब घडवून टाकीत ॲक्रोपोराची वीण घडवून आणली. त्यांच्या साथीने फ्लोरिडाच्या मत्स्यालयात ऑगस्ट 2019 मध्ये संकटात सापडलेल्या स्तंभ प्रवाळानेही टाकीत अंडी सोडली. हे वाचलं तेव्हा आजोबा हवे होते असं फार वाटलं.

मागे सुट्टीत मालवणला गेले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड घालून पहिल्यांदाच आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ पाहिले. गढूळ पाणी, पावसाळ्याचा मारा, माणसांची वर्दळ, आणि तरी ते दगडांना धरून होते. मी याच किनाऱ्यावर लहानाची मोठी झाले, आणि त्यांची ओळख मला बर्लिनच्या एका ट्रामचालकाने करून दिली.

पुण्यातला भाचा विचारतो, "मावशी, एक तुकडा आणशील का?" त्याला जे सांगते तेच इथे लिहिते. भारतात सगळे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे कोणी विकत देऊ केले तरी घेऊ नका, किनाऱ्यावरून उचलू नका, मालवणला पाण्यात उतरलात तर त्यांच्यावर पाय देऊ नका. तुम्ही बर्लिनमध्ये असाल आणि आजोबांच्या मोंटिपोराची फांदी हवी असेल, तर हिवाळाभराची वही घेऊन या. पैसे लागत नाहीत.