शिवण सरकते, मिटत नाही

रविवारी जुन्या लग्नपत्रिका कापून चौकोन केले आणि सुईदोऱ्याने कोपऱ्याला कोपरा ओवत जाळी केली. आदल्या रात्री कॅल्शियम टायटनेटच्या एका थरांनी बनलेल्या स्फटिकाबद्दल वाचलं होतं आणि झोपच उडाली होती!

एक चौकोन उजवीकडे वळवला. चारही शेजारी आपोआप डावीकडे! त्यांचे शेजारी पुन्हा उजवीकडे. हात लावला एकाला, वळली अख्खी जाळी.

खऱ्या स्फटिकात चौकोनांऐवजी अष्टफलक असतात. मध्ये टायटॅनियम, सहा कोपऱ्यांवर ऑक्सिजन. अशा थरांची जोडी, मग पुढची जोडी अर्धं घर सरकून. हे अष्टफलक उभ्या अक्षाभोवती गिरकी घेतात आणि शिवाय कलतात. नुसत्या गिरकीने विद्युत ध्रुव तयार होत नाही, नुसत्या कलण्यानेही नाही. दोन्ही एकत्र आले की कॅल्शियमचे थर सरकतात. प्रत्येक जोडीत असे तीन थर. बाहेरचे दोन एकीकडे, मधला उलट. दोघांविरुद्ध एक, बेरीज शून्य होणार कशी! हा हिशेब संशोधक बेनेडेक आणि फेनी यांनी 2011 मध्ये मांडला. 2015 मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या चिऑंग यांच्या गटाने या स्फटिकांतला ध्रुव खोलीच्या तापमानाला उलटवून दाखवला.

पण मला वेड लावलं ते पुढच्या गोष्टीने. लेकीने तिची वेगळी जाळी केली होती. दोन्ही वळवून जोडायला गेलो, तर सांध्यावर दोन शेजारी एकाच बाजूला वळलेले. कोपरे जुळेनात! तिथली एक रांग सोडवून उलटी वळवली. सांधा जुळला, पण पुढच्या रांगेत तुटला. आणखी एक रांग, पुन्हा तेच. शिवण सरकत राहिली, जाळीच्या कडेबाहेर जाईपर्यंत मिटली नाही. ‘आई, चूक आहे कुठे?’ लेकीने विचारलं. एकाही चौकोनात नव्हती!

एकाही चौकोनात नसलेली, नुसती सरकवता येणारी अशी चूक म्हणजेच टोपॉलॉजिकल दोष. खऱ्या स्फटिकातही तो असतो. स्फटिक थंड होताना दूरदूरचे भाग आपापली दिशा निवडून बसतात. गिरकीच्या 2 तऱ्हा, कलण्याच्या 4, म्हणजे एकूण 8 प्रकारचे प्रदेश. त्यांच्या शिवणी तीन-तीन करून एका बिंदूत भेटतात, त्याला भोवरा म्हणतात. आणि काही शिवणींतून तर वीजही वाहते, आजूबाजूचा स्फटिक विद्युतरोधक असूनसुद्धा!

घरात जुन्या पत्रिका असतीलच. निदान पाच बाय पाच चौकोन घ्या, कमीत मजा नाही. आणि दोरा जरा सैल ठेवा.