नक्षी शाबूत, टायर म्हातारा

दसरा सरला की वडवणी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर धुवायला निघतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, कोयते ठरलेले असतात. ट्रॉलीत धान्याची पोती, चूल-भांडी, शेळ्या, लेकरं चढतात आणि गाडी सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या वाटेला लागते. निघण्याआधी ऑइल, ग्रीस, हूक तपासले जातात. टायरला मात्र एक लाथ बसते. टणक लागला, की पास!

नक्षी चांगली बोटभर खोल, मग बदलायचा कशाला? हिशेब चुकतो तो इथे. हंगाम संपून पट्टा पडल्यापासून पुढच्या हंगामाची मोळी पडेपर्यंत ट्रॉली बांधावर उभी असते, चैत्र-वैशाखाचं ऊन खात. त्या काळात नक्षी तसूभरही झिजत नाही, पण रबर म्हातारं होत राहतं.

याचं कारण रबराच्या घडणीत आहे. रबराला हवेतल्या ओझोनपासून वाचवणारं मेण आणि रसायनं त्यात कालवलेली असतात. चाक फिरतं, रबर दबतं-ताणतं, तसा त्यांचा थर आतून वर येत राहतो. चाक थांबलं की ही मलमपट्टी मंदावते. ऊन आणि उष्णता रबर कडक करतात आणि बाजूला, रिमच्या जवळ, केसासारख्या बारीक भेगा उमटतात. त्यात हवा कमी होऊन ट्रॉली महिनोन्‌महिने एकाच जागी दबून राहिली, तर टायर खालून चपटा होतो आणि आतले धागे-तारा कायमच्या दुखावतात.

वय ओळखायला जाणकार लागत नाही. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ सापडली, तर तिच्या शेवटचे चार आकडे वाचावेत. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा, अर्थात ऑगस्ट. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली असेल, तर बॅटरी घेऊन ट्रॉलीखाली शिरावं लागतं.

ट्रॉलीला अनेकदा ट्रकचे उतरलेले टायर किंवा रिमोल्ड बसवतात. रिमोल्डमध्ये वरची नक्षी कोरी करकरीत, पण खालचा सांगाडा जुनाच. तिथे नक्षी बघून भाव करणारा हमखास फसतो.

या फसगतीची किंमत इंग्लंडमध्ये २०१२ साली मोजली गेली. संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर हाइंडहेडजवळ फुटला, बस झाडावर आदळली आणि तिघे गेले. टायर १९ वर्षांहून जुना होता, नक्षी मात्र कायद्यात बसत होती. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना १० वर्षांवरचा टायर बंद झाला. आपल्याकडचा नियम मोटारी-ट्रकसाठी नक्षीच्या १.६ मिलिमीटर खोलीवर बोट ठेवतो. वयाकडे मालकानेच बघायचं.

बघायचं कसं? काही मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. मिशेलिनचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि १० वर्षांनंतर दिसायला कितीही बरा असला तरी काढावा. फुगा आलेला, तार दिसणारा किंवा नखभर खोल भेगा पडलेला टायर कितीही नवा असला तरी भंगारातच. हेच पुण्या-मुंबईला असलेल्या लेकाच्या, गावच्या अंगणात कव्हर घालून ठेवलेल्या मोटारीला लागू. तिच्या डिकीतली स्टेपनी तर एकदाही रस्त्याला लागलेली नसते. म्हणून ती तरुण ठरत नाही.

उभ्या गाडीचं आयुष्य वाढवणं फुकटात होतं. ट्रॉली रिकामी करून एक्सलखाली ठोकळे द्यावेत, चाकांवर बारदान किंवा ताडपत्री टाकावी. मोटार असेल तर हवा पूर्ण ठेवून महिन्यातून एकदा फिरवून आणावी.

धारूरच्या घाटात भरल्या ट्रॉलीचं चाक गेलं, तर मागे बसलेल्या माणसांना उडी मारायलाही जागा नसते. नवे टायर एकदम परवडत नाहीत हे खरं. मग या दिवाळीत निदान आकडे वाचा, खडूने प्रत्येक टायरवर साल लिहा आणि सगळ्यांत जुना आधी बदला.