बत्तीस पट्ट्यांचा कॅसिओ

रविवार, १२ जानेवारी २०२५
पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ऊन चढलं की चांगल्या वस्तू उचललेल्या असतात, म्हणून कऱ्हाटीहून अंधारातच निघालो. मोरगाव, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट. बाजारात मिक्सरची भांडी, टेपरेकॉर्डर आणि पंख्यांची पाती यांच्या ढिगात एक काळा कॅसिओ दिसला. वरचं नाव वाचलं आणि छाती धडधडली. एसके-१! गेली कित्येक वर्षं मला हाच हवा होता.

विकणारा म्हणाला, "दुबईवरनं आलेला माल हाय, काका. चालू हाय का न्हाय, ते तुम्हीच बघून घ्या." याला पाच पेन्सिल सेल लागतात, ते खिशात घेऊनच गेलो होतो. आधी सेलचा खण उघडून स्प्रिंगा पाहिल्या. सेल फुटून सांडलेली पांढरी भुकटी कुठे दिसली नाही. मग प्रत्येक पट्टी दाबून पाहिली. तीन मुक्या निघाल्या, बाकी सगळ्या बोलल्या. १८०० रुपयांत सौदा ठरला.

सोमवार, १३ जानेवारी
सकाळी ओसरीवर चादर पसरून मागचे स्क्रू काढले. आतली रचना फार सुबक आहे. पट्टीखाली मऊ रबराची टोपी, टोपीच्या पोटात कार्बनचा काळा ठिपका. पट्टी दाबली की तो ठिपका खालच्या छापील रेषांना टेकतो, जोडणी पुरी होते आणि सूर लागतो. तिथे धूळ किंवा तेलकटपणा साचला की पट्टी मुकी होते. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसाच्या काडीवर घेऊन ठिपके हलक्या हाताने टिपले. जोर लावायचा नाही, कार्बन निघून येतो. दुपारपर्यंत बत्तीसच्या बत्तीस पट्ट्या बोलू लागल्या.

कॅसिओ कंपनी मूळची गणकयंत्रांची. तिचा पहिला कीबोर्ड, कॅसिओटोन २०१, आला १९८० साली. हा एसके-१ आला १९८६ मध्ये. बाहेरचा कुठलाही आवाज टिपून तो पट्ट्यांवर वाजवायची सोय त्यात होती. ऑस्ट्रेलियातल्या फेअरलाइट कंपनीचं १९७९ चं यंत्र हेच काम करायचं, पण त्याची किंमत घराएवढी. कॅसिओने तीच गोष्ट पोरांच्या मांडीवर आणून ठेवली. मला या यंत्राबद्दल आदर वाटतो, तो यामुळे.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ वाटून झाल्यावर नात येऊन बसली. यंत्रावरच छोटा माइक आहे. बटण दाबायचं, आवाज झाला की तो आपोआप टिपला जातो. मुदत जेमतेम १.४ सेकंद. तिने पहिल्यांदा शेळी धरली. वरच्या पट्टीवर शेळीचं करडू झालं, खालच्या पट्टीवर रेडा. "आजोबा, खाली गेलं की ती हळू का बोलते?" पोरीने नेमकं पकडलं. हे यंत्र आवाज उंच करायचा तर तो भरभर वाजवतं, खाली आणायचा तर सावकाश. म्हणून वर तो आखूड होतो आणि खाली लांबतो.

मग टाळ टिपला. तो बोदा आला, तांब्यावर चमचा मारल्यासारखा. यंत्र सेकंदाला सुमारे ९,३८० वेळाच आवाज मोजतं, त्यामुळे त्याच्या निम्म्याहून, म्हणजे साधारण ४,७०० कंपनांहून वरचं त्याला धरता येत नाही. टाळाची सगळी झळाळी नेमकी तिथेच असते. माणसाचा आवाज मात्र गोड येतो. नातीने "आ" लावला आणि त्या एका "आ"वर चार सूर एकदम धरले. घरातली सगळी माणसं कामं टाकून ओसरीवर आली.

गुरुवार, १६ जानेवारी
पहाटे कॅसिओ रियाजाला घेतला. कोमल गंधार पेटीवरही मनासारखा मिळत नाही, इथेही नाही. पट्ट्यांचे सूर ठरलेलेच. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण या यंत्रात एक कळ आहे, तिने सूर एका पट्टीवरून दुसरीवर घसरत जातो. पेटीला हे कधीच जमणार नाही. घसरण्याचा वेग ठरलेला असल्याने ती खरी मींड नव्हे, तरी ऋषभावरून षड्जावर उतरताना अंगावर काटा आला. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर राग वाजवले, तेही अशाच घसरत्या सुरांच्या आधाराने. जगाला ते काम कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

शनिवार, २५ जानेवारी, एकादशी
भजनाला कॅसिओ नेला. आमच्या भजनातले गायक अण्णा काळी एकमध्ये गातात. कॅसिओची पहिली पट्टी पांढरी चार, म्हणजे काळी एकचा षड्ज धरला तर खाली मंद्र गंधारापर्यंत जाता येतं आणि वर तार निषादापर्यंत. अभंगाला एवढं पुष्कळ झालं. पण पखवाज आणि टाळ सुरू झाले तसा याचा आवाज बुडाला. दुसरं म्हणजे, पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. पेटीवर भात्याने सूर फुलवता येतो, गायकाचा श्वास ओळखून मागे घेता येतो. अण्णा म्हणाले, "मास्तर, साथीला आपली पेटीच बरी." बरोबर आहे त्यांचं. साथीला पेटीच.

शनिवार, १ फेब्रुवारी, गणेश जयंती
मोरगावला चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी आलेली, रस्ता माणसांनी भरलेला. दर्शन घेऊन परतलो तर ओसरीवर वाडीतली पोरं जमलेली. कोणी मोटारीची घरघर टिपतंय, कोणी रहाटाची करकर. सुरांची नावं त्यांना येत नाहीत, पण कुठला आवाज चढा आणि कुठला उतरता, हे आता न चुकता सांगतात. पेटी शिकायला आलेल्या पोरांचा कान एवढ्या लवकर तयार झालेला मी पाहिला नाही. यापुढे नवं पोर शिकायला आलं की आधी कॅसिओ, मग पेटी.

तुमच्याही माळ्यावर असा जुना कॅसिओ असेल तर भंगारात घालू नका. आधी त्यातले सेल काढा. अडॅप्टर लावायचा झाला तर प्लस-मायनस नीट तपासा, त्या काळच्या कॅसिओंना मधली पिन मायनस लागते. आणि मग घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात द्या.